बियाणे खोटे की पेरणी चुकली?



मागे औसा तालुक्यातील एका गावी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. मला विषय दिला होता रशियातील राज्यक्रांती. तासभर मी बोललो. झारशाही सांगितली, लेनिन सांगितला, १९१७ साल सांगितले, आणि १९९१ साली ते सगळे राज्य कसे कोसळले तेही सांगितले. आता आभार मानायचे, तेवढ्यात पुढे सतरंजीवर बसलेले एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले, "सर, बाकी समदं समजलं. एकच सांगा. बी खोटं व्हतं का पेरणी चुकली?"

लोक हसले. मला हसू आले नाही. प्रश्न नेमका होता आणि माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते. त्या हंगामात त्या भागात पुष्कळांचे सोयाबीन उगवलेच नव्हते. विकणारा म्हणत होता, तुम्ही खोल पेरले, पुरती ओल नसताना पेरले. शेतकरी म्हणत होता, पिशवीतले बीच मेलेले. अशा वेळी कृषी खात्याची माणसे येतात, तास उकरतात, न उगवलेला दाणा तळहातावर घेऊन पाहतात, तेच बी शेजारच्या शेतात उगवले का याची चौकशी करतात, आणि मग पंचनामा लिहितात. साम्यवादाचा असा पंचनामा आपण क्वचितच करतो. एक पक्ष म्हणतो, मार्क्सचा विचार सोन्यासारखा, पण तो स्टालिनच्या हाती पडला आणि त्याची माती झाली. दुसरा पक्ष म्हणतो, विचारच विषारी, त्याला हीच फळे यायची. दोघेही तास उकरायला तयार नाहीत.

पहिल्या पक्षाला आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. "सिद्धांत चांगला, आचरण वाईट" असे म्हणून सुटून जाण्याची सोय इतर कोणत्याही तत्त्वज्ञानाला असेल, मार्क्सच्या तत्त्वज्ञानाला नाही. विचार खरा की खोटा याचा निकाल व्यवहारात लागतो, हे १८४५ साली त्यानेच टिपून ठेवले आहे. ज्याने स्वतःच ही कसोटी घालून दिली, त्याला त्याच कसोटीला उतरावे लागणार.

आता हा पंचनामा करायला मॉस्कोपर्यंत जाण्याचे कारण नाही. देगलूर, बिलोली, किनवट या आपल्या तालुक्यांच्या शिवेपलीकडे तेलंगण आहे. १९५६ पर्यंत तो आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आज तेलंगणात असलेला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राजा एक, पोलीस एक, जुलूम एक. त्याच राज्यात नलगोंडा आणि वरंगळ जिल्ह्यांत कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली १९४६ ते १९५१ अशी पाच वर्षे शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालला. हिंदुस्थानात मार्क्सचे नाव घेऊन शेतकरी इतक्या मोठ्या संख्येने दुसऱ्या कोठे उभे राहिले असतील असे मला वाटत नाही.

तो लढा कसा सुरू झाला ते पाहण्यासारखे आहे. तेलंगणात देशमुखांच्या जमिनी आपल्या कल्पनेपलीकडच्या होत्या. विसनूरच्या देशमुखाकडे चाळीस हजार एकर जमीन होती असे सांगितले जाते. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात तिला तिकडे वेट्टी म्हणत. परिटाने फुकट धुवायचे, कुंभाराने फुकट मडकी द्यायची, बलुतेदारापासून कुळापर्यंत प्रत्येकाने देशमुखाच्या घरी राबायचे, आणि बायामाणसांच्या अब्रूचीही शाश्वती नाही. आंध्र महासभा ही मुळात भाषेसाठी आणि शिक्षणासाठी निघालेली संस्था, आपल्याकडे १९३७ साली परतूरला पहिले अधिवेशन भरवणाऱ्या महाराष्ट्र परिषदेसारखीच. पण १९४४ च्या भुवनगिरी अधिवेशनापासून ती कम्युनिस्टांच्या हाती आली आणि खेड्यात शिरली. गावकरी तिला नुसते "संघम" म्हणत. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट बाईने आपल्या शेतातले पीक देशमुखाला नेऊ दिले नाही. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्यात दोड्डी कोमरय्या हा शेतकरी ठार झाला आणि वणवा पेटला.

पुढच्या दोन वर्षांत सुमारे तीन हजार गावांत देशमुखांचा अंमल संपला आणि गावसमित्या कारभार पाहू लागल्या. वेट्टी बंद झाली. पक्षाच्या हिशेबाप्रमाणे दहा लाख एकर जमीन वाटली गेली. हा हिशेब पक्षाचा आहे हे लक्षात ठेवून तो थोडा कमी धरला, तरी काम लहान नव्हे. आणि यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की जमीनदाराजवळ जास्तीत जास्त किती जमीन राहू द्यायची, हा आकडा पक्षाने आधी पाचशे एकर ठरवला होता. गावकऱ्यांनी तो मान्य केला नाही, म्हणून तो उतरत उतरत कोरडवाहू शंभर एकरांवर आला. म्हणजे पुस्तकाने सांगितले, गावाने दुरुस्त केले, आणि पक्षाने ऐकले. जोवर हे ऐकणे चालू होते तोवर लढा वाढत होता.

मग हाच वणवा मराठवाड्यात का आला नाही? कोणी म्हणतील, आपली माणसे थंड. तसे मुळीच नव्हे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा. त्याच्या टोळ्यांचा त्रास आपल्या खेड्यांनी भोगला आणि त्यांना तोंडही दिले. स्टेट काँग्रेसचे तरुण सरहद्दीवरच्या छावण्यांतून येऊन नाकी, चावड्या उडवीत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली, ती याच लढ्यासाठी. पण आपला लढा निजामाविरुद्ध होता. गावातल्या गावात जमिनीसाठी नव्हता. आपल्याकडे काळ्या रानात ज्वारी-कापूस करणारा, स्वतःच्या नावावर पाच-पंचवीस एकर असलेला कुणबी पुष्कळ. त्याचे दुःख म्हणजे लेव्ही, सावकार, उर्दूतून चालणारी कचेरी आणि रझाकार. देशमुख आपल्याकडेही होते, सालगडीही होते, आणि सालगड्याच्या हालाला अंत नव्हता. पण तेलंगणासारखी एका वाड्याने साठ गावे दाबून धरलेली अशी स्थिती सहसा नव्हती. मार्क्स वाचलेली माणसे मराठवाड्यात नव्हती असेही नाही. गोविंदभाई श्रॉफ हे मार्क्सवादाचे जाणकार. स्वामी रामानंद तीर्थ तर राष्ट्रीय शाळेत येण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत राहिलेले. या दोघांनी आपल्या मुलखाचे दुखणे ओळखून मार्ग निवडला. तेव्हा शेजारच्या रानात तेच बी का उगवले नाही, तर जमिनीची जातच वेगळी होती. इथवर सिद्धांताला दोष देता येत नाही.

दोष निघतो तो १९४८ पासून पुढे.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कलकत्त्याला पक्षाचे दुसरे अधिवेशन झाले. पूरणचंद जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. रणदिवे मराठी, अत्यंत बुद्धिमान आणि त्यागी. त्यांचे गणित असे की हिंदुस्थानला मिळालेले स्वातंत्र्य खोटे आहे, नेहरूंचे सरकार भांडवलदारांचे आहे, आणि रशियाप्रमाणे शहरातला कामगार उठला की हे राज्य कोसळेल. ९ मार्च १९४९ हा रेल्वे संपाचा दिवस ठरला. त्या दिवशी गाड्या नेहमीप्रमाणे धावल्या.

तिकडे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हिंदी फौजांनी निजामाला शरण आणले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून त्या दिवसाची वर्णने आपण ऐकली आहेत. चावडीवर तिरंगा चढला, लोकांनी साखर वाटली. तेलंगणातील शेतकऱ्यांनाही निजाम गेला, रझाकार गेला, हे डोळ्यांना दिसत होते. पण सिद्धांत सांगत होता की काहीच बदललेले नाही. फक्त धनी बदलला आहे. येथे शेतकऱ्याचा अनुभव आणि पक्षाचे गणित यांत फारकत झाली. या वेळी पक्षाने गणिताचे ऐकले. रावी नारायण रेड्डी हे नलगोंड्याचे मोठे पुढारी. बंदूक खाली ठेवावी असे त्यांचे मत पडले. ते मागे सारले गेले. मध्यम शेतकरी हळूहळू बाजूला झाला. उरलेली पथके जंगलात ढकलली गेली, आणि लष्कर व पोलीस यांच्या कचाट्यात खेडी भरडून निघाली. लष्कराने हात आवरता घेतला असे कोणी समजू नये. एकेका गावातले सगळे पुरुष धरून नेल्याच्या हकिकती तिकडे अजून सांगतात. या पाच वर्षांत चार हजार कार्यकर्ते व शेतकरी मारले गेले असे पक्षाची नोंद सांगते. त्यांतले बहुसंख्य १९४८ नंतरच्या तीन वर्षांतले.

मग चूक लक्षात आली तेव्हा ती कशी सुधारली गेली? खेड्यातून निरोप आला म्हणून नव्हे. जानेवारी १९५० मध्ये परदेशातून निघणाऱ्या कॉमिन्फॉर्मच्या मुखपत्रात एक अग्रलेख आला, आणि त्यावरून रणदिव्यांचा मार्ग चुकीचा ठरला. त्यांच्या जागी आंध्रचे राजेश्वर राव आले. ते म्हणत, रशियाचा नव्हे, चीनचा मार्ग. १९५१ च्या आरंभी चार पुढारी गुप्तपणे मॉस्कोला गेले. त्यांत आपले श्रीपाद अमृत डांगेही होते. तेथे स्टालिनशी चर्चा झाली. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी लढा मागे घेतल्याचे जाहीर झाले. नलगोंड्याच्या कुळाने बंदूक ठेवावी की न ठेवावी, हा निर्णय क्रेमलिनमध्ये बसलेल्या माणसाला विचारून व्हावा, यात मला सगळ्या रोगाचे मूळ दिसते.

रणदिव्यांचा स्वभाव हट्टी होता म्हणून हे घडले, असे म्हणता येईल. पण हाच प्रकार देशोदेशी, निरनिराळ्या स्वभावाच्या माणसांच्या हातून घडावा, हा योगायोग कसा मानायचा? चीनमध्ये १९५८ साली माओने मोठ्या उडीची घोषणा केली. भाताचे आकडे फुगवून वर जाऊ लागले, आणि त्या आकड्यांवर सरकार धान्य उचलू लागले. १९५९ साली संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओला पत्र लिहून खरी स्थिती कळवली. पेंग हा जुना सेनानी, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला पदावरून काढले, आणि दुष्काळ आणखी दोन वर्षे वाढला. किती माणसे मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्यापूर्वी रशियात १९३२-३३ साली असाच दुष्काळ पडला होता. त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मार्क्सला याचा जाब विचारायचा की नाही? त्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. १८७१ साली पॅरिसच्या कामगारांनी सत्ता घेतली तेव्हा त्यांचे प्रतिनिधी कधीही परत बोलावता येत आणि त्यांना मजुराइतकाच पगार असे. याचे मार्क्सने कौतुक केले होते. दुसरी गोष्ट १८८१ ची. व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईंनी त्याला पत्राने विचारले की आमच्या गावकीच्या जमिनी मोडून आधी भांडवलशाही यावीच लागेल का. त्याने कळवले की माझे विवेचन पश्चिम युरोपापुरते आहे. याचा अर्थ, मार्क्स स्वतः आपल्या अनुयायांइतका पोथीनिष्ठ नव्हता. आणि मालक व मजूर यांच्या नात्याची त्याने केलेली चिकित्सा आजही खोटी ठरलेली नाही. आपल्याकडचा ऊसतोड कामगार उचल घेऊन कोयता बांधतो, तेव्हा त्या उचलीचा अर्थ समजायला मार्क्स उपयोगी पडतो.

परंतु सत्ता हाती आल्यावर ती चालवणाऱ्यावर लगाम कोणाचा, या प्रश्नापाशी मार्क्सने पान जवळजवळ कोरे ठेवले. कामगारवर्गाची हुकूमशाही काही काळ राहील आणि मग शासनसंस्थाच गळून पडेल, असे हे चित्र आहे. आता इतिहास कोणत्या दिशेने जाणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला विरोधी पक्ष कशाला हवा, वर्तमानपत्र कशाला हवे, निवडणूक तरी कशाला हवी? त्याला विरोध करणारा एकतर अडाणी किंवा शत्रू. लेनिनने जानेवारी १९१८ मध्ये निवडून आलेली घटना समिती मोडली आणि १९२१ मध्ये पक्षाच्या आतले गटही बंद केले. कोऱ्या पानावर पहिली ओळ त्याने लिहिली, बाकीचे स्टालिनने भरले. रोझा लक्झेंबर्ग ही लेनिनचीच सहकारी म्हणावी अशी कट्टर मार्क्सवादी. तिने १९१८ सालीच जर्मनीच्या तुरुंगातून या धोक्याविषयी लिहून ठेवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तीही याच ठिकाणी बोट ठेवते. शोषण संपवण्याचा हेतू दोघांचा एक. मार्ग मात्र वेगळा. आणि सक्ती निघून गेल्यावर समाज कशाच्या आधाराने उभा राहील याचे उत्तर मार्क्सवाद्यांपाशी नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

म्हणून माझे मत असे बनले आहे की सगळे बी काही खोटे नव्हते, पण सगळा दोष पेरणाऱ्याचाही नव्हता. रोगाचे निदान बरोबर होते. आपल्याला इतिहासाचा कायदा सापडला आहे ही जी खात्री त्याला चिकटली होती, ती किडकी होती. माझ्या काही सहाध्यापकांना हे पटत नाही. नांदेडला वादाची परंपरा जुनी आहे, तेव्हा तो वाद चालू राहील.

या मताला आधार म्हणून शेजारच्या शेतांकडे पाहावे. लढा मागे घेतल्यावर हैदराबाद राज्यात १९५२ ची निवडणूक झाली. पक्षावर बंदी होती, म्हणून कम्युनिस्टांनी लोकशाही आघाडी या नावाने ती लढवली. १७५ पैकी ४२ जागा मिळाल्या. मागे सारलेले रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर गेले, आणि पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन गेले. व्ही. डी. देशपांडे हे मराठी कार्यकर्ते तेलंगणातील इप्पागुडा येथून निवडून आले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे ज्या लोकांनी बंदुकीची साथ सोडली होती, त्यांनीच मत दिले. पुढे केरळात १९५७ साली आणि बंगालमध्ये १९७७ साली कम्युनिस्ट निवडणुकीने सत्तेवर आले. कुळांना, वाटेकऱ्यांना हक्क मिळाले. नंदिग्रामला १४ मार्च २००७ रोजी पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा १९४८ ची ती खात्री पुन्हा डोके वर काढते आहे असे वाटले. पण २०११ साली बंगालच्या मतदारांनी चौतीस वर्षांचे सरकार घरी पाठवले, आणि ते सरकार गेलेही. पेंग देहुआईच्या देशात हे शक्य नव्हते.

आणि आपल्या स्वतःच्या रानातले उदाहरण बहात्तरच्या दुष्काळाचे. माझा जन्म नंतरचा, पण आमच्या घरात आजही काळ मोजताना बहात्तरच्या आधी आणि बहात्तरच्या नंतर असेच मोजतात. लाल मिलो, सुकडी, खडी फोडून फुटलेले हात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. धान्याची तूट भयंकर होती, तरी चीनसारखे मृत्यू झाले नाहीत. याचे श्रेय सरकारला द्यायचे ते द्यावे. पण काम काढा, मजुरी वाढवा, आठवड्याला पगार करा म्हणून तहसिलीवर मोर्चे कोणी नेले? लाल निशाणवाले, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, समाजवादी, आणि आपल्याकडे कंधारपासून धाराशिवपर्यंत ज्यांना लोक "भाई" म्हणत ते शेतकरी कामगार पक्षाचे लोक. शहरात महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. त्यांत मृणाल गोरे यांच्याबरोबर कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या, आणि या अहिल्याबाई म्हणजे बी. टी. रणदिव्यांची धाकटी बहीण. या दडपणातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. विरोधात बसून भाकरी मागणारा लाल बावटा आमच्याकडे माणसे जगवून गेला. जिथे त्याला विरोध करायला कोणी उरले नव्हते, तिथे त्याच बावट्याखाली माणसे उपाशी मेली.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागातील शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. शिवेपलीकडचा "संघम" पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली. पण त्यांच्याकडून ऐकलेली माणसे गावोगाव आहेत. पलीकडून कोण पळून आले, कोणी आसरा दिला, कोणाची जमीन मिळाली आणि पुन्हा गेली, हे मुलांना घरी विचारायला लावावे आणि वहीत उतरवून घ्यावे. औशाच्या त्या वाचनालयात मी पुन्हा जाणार आहे. ते गृहस्थ भेटले तर त्यांना विचारीन की बहात्तर साली ते कोणत्या कामावर होते, आणि मस्टरवर त्यांचे नाव कोणाच्या मोर्च्यानंतर चढले.